टोरांटो हस्कीज : एका हिवाळ्यात संपलेला संघ

उत्तरेकडचा

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात होता, आज वेळ काढून लिहितोय.

टोरांटोत कार्लटन आणि चर्च या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर पिवळ्या विटांची एक थोराड इमारत आहे, वर घुमटासारखं छप्पर. मेपल लीफ गार्डन्स. आइस हॉकीची पंढरीच म्हणा ना. आता खाली लॉब्लॉजचं भलंमोठं किराणा दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर विद्यापीठाचं क्रीडासंकुल. आम्ही शनिवारी सामान आणायला तिथे जातो. दुकानात २५ नंबरच्या ओळीत फरशीवर एक लाल ठिपका आहे. जुन्या बर्फाच्या रिंगणाचा मध्यबिंदू तिथे होता, ही त्याची खूण. बहुतेक लोक त्यावरून ट्रॉली ढकलत निघून जातात. ज्यांना ठाऊक आहे ते घटकाभर थांबतात, खाली बघतात.

हॉकीवाले हॉकीसाठी थांबतात. मी थांबतो तो १ नोव्हेंबर १९४६ या तारखेसाठी. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉलची लीग, आपल्या इतिहासातला पहिला सामना म्हणून जो मोजते, तो त्या रात्री याच छपराखाली झाला. न्यूयॉर्कमध्ये नाही, बॉस्टनमध्ये नाही, कॅनडात. न्यूयॉर्क निकरबॉकर्स विरुद्ध टोरांटो हस्कीज. निकरबॉकर्स म्हणजे आजचे निक्स, त्यांना सगळं जग ओळखतं. हस्कीज पुढच्या उन्हाळ्यात बंद पडले. एक हिवाळा, ६० सामने, खेळ खलास.

त्या रात्रीबद्दल मला सापडलं ते सांगतो.

सामन्याच्या आधी वर्तमानपत्रांत तीन कॉलमी जाहिरात झळकली. जॉर्ज नॉस्ट्रँड या सहा फूट आठ इंच उंच खेळाडूचा फोटो, आणि खाली आव्हान : याच्यापेक्षा उंच असाल तर पहिल्या सामन्याला फुकट या. तिकिटं ७५ सेंटपासून अडीच डॉलरपर्यंत. ७,०९० प्रेक्षक आले. आकडा वाईट नाही. फक्त हे लक्षात घ्या की याच इमारतीत १९३१ साली पहिला हॉकी सामना झाला, त्याला १३,५४२ लोक आले होते.

निक्सचा संघ आगगाडीने आला. सरहद्दीवर कॅनडाच्या अधिकाऱ्याने ही सगळी ताडमाड उंच माणसं बघून विचारलं की तुम्ही कोण? त्यांचे कोच नील कोहॅलन यांनी सांगितलं, न्यूयॉर्कचे निक्स. अधिकाऱ्याला न्यूयॉर्कचा हॉकी संघ रेंजर्स माहीत होता, निक्स हे नाव कानावरून गेलेलं नव्हतं. तुमचा खेळ कळणारी माणसं इकडे फारशी सापडायची नाहीत, असं म्हणून त्याने त्यांना सोडलं. निक्सचा सनी हर्ट्झबर्ग ही आठवण सांगायचा.

पहिली बास्केट निक्सच्या ऑसी शेक्टमनची. त्याने चेंडू लिओ गॉटलिबकडे दिला, तसाच रिंगकडे कापत गेला, परत आलेला पास घेतला आणि खालून हात नेऊन ले-अप, म्हणजे रिंगच्या अगदी जवळून मारतात तो शॉट, मारला. आज शाळेतल्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात ती चाल. एनबीएच्या हिशेबातले पहिले दोन गुण ते हेच.

हस्कीज सुरुवातीपासून मागे पडले. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तर १८-३३ अशी अवस्था होती. पण त्यांचा एड सडोस्की, हा खेळाडूही होता आणि कोचही, दणकट बांध्याचा, हूक शॉट मारणारा गडी, त्याने एकट्याने १८ गुण केले. दोन्ही संघांत सगळ्यांत जास्त. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तीन मिनिटांतच त्याचा पाचवा फाउल झाला आणि तो बाहेर गेला. आता संपलं असं वाटावं, तर त्याच्या जागी जाहिरातीतला नॉस्ट्रँड उतरला आणि त्यानेच हस्कीजला पहिल्यांदा पुढे नेलं, ४४-४३. शेवटच्या काही मिनिटांत निक्सनी पारडं फिरवलं. ६८-६६. दोन गुणांनी हार.

दोन गुण! मला या सामन्याचं जे काही वेड लागलंय ते या दोन गुणांमुळे.

*

बाकावरचा

वा, छान लिहिलंय. माझ्यासारख्या क्रिकेटवाल्याला दोन शंका. एक, ६८-६६ हा स्कोअर आजच्या मानाने फारच कमी नाही का? आता तर एकेक संघ शंभराच्या वर जातो. दोन, ही लीग काढली कुणी, आणि हॉकीच्या मैदानातच का?

*

उत्तरेकडचा

@बाकावरचा, दुसरी शंका आधी घेतो, कारण सगळी मेख तिथे आहे.

६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात बैठक झाली आणि बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे बीएए, जन्माला आली. तिथे जमलेले बरेचसे लोक बास्केटबॉलवाले नव्हते, मोठमोठ्या बंदिस्त मैदानांचे मालक होते, हॉकीतले. अध्यक्ष केले मॉरिस पोडोलॉफ यांना, तेही हॉकी लीगचेच. हिशेब सरळ होता. महायुद्ध संपलंय, लोकांच्या खिशात पैसे आहेत, आपला हॉकी संघ परगावी खेळायला गेला की मैदान रात्र रात्र रिकामं पडतं. त्या रात्री भरायला काहीतरी हवं. कॉलेजच्या बास्केटबॉलला गर्दी होताना ते बघत होतेच.

कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा असायचा. तेवढ्याने संध्याकाळ भरत नाही म्हणून यांनी १२-१२ मिनिटांचे चार क्वार्टर केले, ४८ मिनिटं. आजही एनबीएत तेच चालू आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाला दोनेक तास बसवायचं, या दुकानदारी विचारातून आलेला नियम ८० वर्षं टिकलाय.

आता स्कोअर. तेव्हा २४ सेकंदांचं घड्याळ नव्हतं, ते १९५४ साली आलं. पुढे असलेला संघ चेंडू आपल्याकडे ठेवून खुशाल वेळ काढू शकायचा. नेमबाजीही अशी की त्या पहिल्या सीझनला सगळ्या लीगचे मिळून शंभरातले जेमतेम २८ शॉट आत गेले. हॉकी चालू असताना बर्फ वितळवत नसत, त्यावरच लाकडी फळ्या टाकून कोर्ट करत. खालून गारठा, वरून गर्दीची ऊब, म्हणजे फळ्यांना ओल सुटायची. बोटं गारठलेली, बूट घसरतायत, अशात लांबून कोण काय मारणार?

*

नागपाडेकर

ओल सुटलेल्या कोर्टाचं वाचून अगदी आत कुठेतरी लागलं. आमच्या नागपाड्याला जून उजाडला की सिमेंटचं कोर्ट असंच व्हायचं. पाऊस थांबला की आम्ही पोरं गोणपाट घेऊन पाणी ओढायचो, तरी रिंगच्या खालचा एक पट्टा ओलाच राहायचा. तिथे पाय टाकताना अंगठा आधी टेकवून अंदाज घ्यायचा, हे कुणी शिकवलं नाही, गुडघे फुटून कळलं. हस्कीजच्या पोरांचंही तसंच झालं असणार.

एक गोष्ट मात्र धाग्यात यायला हवी. १९४६ पासून मोजलं की व्यावसायिक बास्केटबॉल तेव्हा सुरू झाला असा समज होतो, ते खरं नाही. हार्लेममधला न्यूयॉर्क रेन्स हा संपूर्ण कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ १९२३ पासून खेळत होता. गावोगाव बसने फिरायचे आणि येईल त्याला हरवायचे. १९३९ साली शिकागोत व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा भरली ती त्यांनीच जिंकली. एनबीएल नावाची लीगही १९३७ पासून चालू होती. बीएएने पहिल्या सीझनला एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नाही. त्या लीगचं दार उघडायला १९५० उजाडलं : चक कूपर, अर्ल लॉइड, नॅट क्लिफ्टन.

पहिला सामना म्हणताना हे सांगितलंच पाहिजे. रेन्स तेव्हा खेळत होते, आणि त्यांना बोलावलं नव्हतं.

*

उत्तरेकडचा

@नागपाडेकर, शंभर टक्के मान्य. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

आणि तुमच्या मुद्द्याला जोडून : त्या रात्री मैदानात असलेल्या कुणालाही आपण एनबीएचा पहिला सामना खेळतोय हे माहीत असणं शक्यच नव्हतं, कारण एनबीए हे नावच नव्हतं. ऑगस्ट १९४९ मध्ये बीएए आणि एनबीएल एकत्र आल्या, तेव्हा ते नाव पडलं. पुढे इतिहास मोजताना बीएएचा धागा धरला. म्हणून पहिलेपणाचा मान टोरांटोला. शेक्टमनलाही आपली बास्केट पहिली होती हे कित्येक वर्षांनी कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. तो एकच सीझन खेळला. २०१३ साली वारला.

*

हिमगौरी

मी ओटावाजवळ राहते. इथून अर्ध्यापाऊण तासावर अल्माँट नावाचं टुमदार गाव आहे, जेम्स नेस्मिथ यांचं. बास्केटबॉल ज्यांनी शोधला ते. शोध लागला डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत, स्प्रिंगफील्डला, पण माणूस इथला. गावात त्यांचा बाकावर बसलेला पुतळा आहे, शेजारी जागा रिकामी ठेवलीय, आपण बसून फोटो काढू शकतो. माझ्या लेकीचा आहे तसा फोटो.

म्हणून विचारते, कॅनडाच्या माणसाने शोधलेला खेळ, पहिला सामना कॅनडात, आणि हस्कीजमध्ये कॅनडाची पोरं होती की नाही?

*

उत्तरेकडचा

@हिमगौरी, होती, पण दोनच नावं घेता येतात : हँक बियासाटी आणि जिनो सोव्ह्रान. दोघेही विंडसरचे, म्हणजे डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या अलीकडच्या गावातले. बाकी संघ अमेरिकेतून आणलेला.

बियासाटीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा माणूस मला फार आवडतो. जन्म इटलीतला, लहानपणीच विंडसरला आलेला. १ नोव्हेंबरच्या सामन्यात तो खेळला, त्यामुळे एनबीएच्या इतिहासातला अमेरिकेबाहेरचा पहिला खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतात. आज लीगमध्ये सर्बियाचे, ग्रीसचे, स्लोव्हेनियाचे, कॅमेरूनचे खेळाडू राज्य करतायत. त्या सगळ्या रांगेत सगळ्यांत पुढे हा विंडसरचा पोरगा उभा आहे. हस्कीजकडून खेळला सहा सामने! मग गेला, कारण त्याचा जीव बेसबॉलमध्ये होता. १९४९ मध्ये फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून मोठ्या लीगमध्ये खेळलाही. सोव्ह्रानचेही सामने सहाच.

*

कसबा_पेठ

आम्हाला हे सगळं वाचून पुणे पेशवाज आठवले. २०१५ मध्ये यूबीए नावाची बास्केटबॉल लीग आपल्याकडे सुरू झाली होती, त्यात पुण्याचा हा संघ आणि मुंबई चॅलेंजर्स. बालेवाडीकडचे आमचे मित्र जर्सी घालून फिरायचे. २०१७ नंतर लीगच थांबली. जर्सी अजून एकाच्या कपाटात आहे, लग्नानंतर घर बदललं तरी टाकली नाही.

हस्कीज बुडाले कशाने ते सांगा. हरले म्हणून की पैसे संपले म्हणून?

*

उत्तरेकडचा

@कसबा_पेठ, मित्राला सांगा जर्सी जपून ठेव.

हरले म्हणून बुडाले, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही.

आधी झालं काय ते बघा. १२ सामन्यांत ३ जिंकले, ९ हरले, आणि कोच सडोस्की संघ सोडून गेला. क्लीव्हलंडकडे. विचार करा, तुमचा कोच गेला, सगळ्यांत जास्त गुण करणारा गेला, आणि तो एकच माणूस! मग एक सामना ल्यू हेमन यांनी सांभाळला. हे संघ चालवणाऱ्यांपैकीच एक, टोरांटोच्या फुटबॉलमधलं (सॉकर नव्हे, कॅनडियन फुटबॉल) मोठं नाव. तो सामना हरले. मग डिक फिट्झजेरल्डने तीन सामने काढले, दोन जिंकले. शेवटी रेड रोल्फला आणलं. हा न्यूयॉर्क यांकीजचा थर्ड बेसमन, बेसबॉलमधला नावाजलेला माणूस. त्याच्या हाताखाली १७ जिंकले, २७ हरले. एका हिवाळ्यात चार कोच. जाहिरातीतला नॉस्ट्रँडसुद्धा त्याच सीझनमध्ये क्लीव्हलंडला गेला. ज्याच्यापेक्षा उंच असाल तर फुकट या म्हणून सांगितलं, तोच शहरात राहिला नाही.

एकूण २२ विजय, ३८ पराभव. पूर्व विभागात तळाला.

आता खरी गोष्ट. तळाला ते एकटे नव्हते. आणखी एका संघाचे अगदी तेवढेच आकडे होते, २२ आणि ३८. तो संघ बॉस्टन सेल्टिक्स. हो, तेच. २०२४ पर्यंत १८ वेळा विजेते झालेले. पहिल्या हिवाळ्यात सेल्टिक्स आणि हस्कीज यांच्यात गुणतक्त्यावर एका विजयाचाही फरक नव्हता.

मग एक का मेला आणि एक का जगला? माझं म्हणणं असं की सेल्टिक्सचा मालक वॉल्टर ब्राउन हा बॉस्टन गार्डनचाही सर्वेसर्वा होता. मैदान घरचं. हस्कीजचे मालक एरिक क्रॅडॉक, ल्यू हेमन वगैरे मंडळींच्या हातात मेपल लीफ गार्डन्स नव्हतं, ते कॉन स्माइदचं राज्य. दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून संघ चालवायचा, आणि घरमालकाचा जीव हॉकीत. तोही कुठल्या वर्षी? त्याच हिवाळ्याच्या शेवटी, एप्रिल १९४७ मध्ये, टोरांटोच्या हॉकी संघाने, मेपल लीफ्सनी, स्टॅनली कप हा हॉकीतला सर्वोच्च चषक जिंकला, आणि १९४९ पर्यंत ओळीने तीन वर्षं जिंकत राहिले. सगळं शहर त्यांच्यामागे. शेजारच्या रात्री त्याच छपराखाली बास्केटबॉल बघायला कोण जाणार?

*

आकडेमोड

धागा उत्तम, पण हा निष्कर्ष टिकत नाही. रागावू नका, माझ्याकडचं मांडतो.

बीएएच्या ११ पैकी चार संघ पहिल्या सीझननंतर बंद पडले : टोरांटो, क्लीव्हलंड रेबेल्स, डेट्रॉइट फाल्कन्स, पिट्सबर्ग आयर्नमेन. क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि पिट्सबर्ग या तिन्ही ठिकाणी संघ मैदानाच्या मालकांचाच होता. घरचंच मैदान. भाडं नाही, घरमालकाची कटकट नाही. तरी बुडाले.

विजयांचंही तसंच. पिट्सबर्गचे १५-४५, डेट्रॉइटचे २०-४०, हे समजू शकतो. पण क्लीव्हलंडचे ३०-३० होते. सडोस्की तिकडे गेल्यावर ते प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोहोचले, निक्सकडून तीन सामन्यांच्या मालिकेत हरले, आणि उन्हाळ्यात दुकान बंद. उलट प्रॉव्हिडन्स स्टीमरोलर्सचं दुसरं वर्ष बघा : ६ विजय, ४२ पराभव. तरी ते १९४९ पर्यंत चालले!

म्हणजे विजय पुरत नाहीत, मैदान पुरत नाही. मग काय पुरतं?

*

उत्तरेकडचा

@आकडेमोड, रागावण्याचा प्रश्नच नाही. दोन दिवस तुमचा प्रतिसाद परत परत वाचतोय, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुमचं बरोबर आहे. मैदानाचा मुद्दा मी ताणला होता, तो मागे घेतो.

पण तुम्ही विचारलंत, मग काय पुरतं? त्याचं उत्तर मला वॉल्टर ब्राउनमध्येच दिसतं, फक्त मी चुकीच्या जागी बोट ठेवलं होतं. त्याच्याकडे मैदान होतं हे महत्त्वाचं नाही. सेल्टिक्स पहिली कितीतरी वर्षं तोट्यात होते. १९५० च्या सुमारास मैदानाच्या कंपनीनेच हात वर केले, आता पुरे म्हणाले. तेव्हा ब्राउनने स्वतःचं घर गहाण टाकून संघ विकत घेतला. सोबत भागीदार कोण होता? लू पिएरी, तोच तुमच्या प्रॉव्हिडन्सचा, ६-४२ नंतरही संघ चालवणारा. दोन चिवट माणसं एकत्र आली. रेड ऑरबाक कोच म्हणून आले, १९५७ ला पहिलं विजेतेपद. म्हणजे अकराव्या हिवाळ्यात.

टोरांटो, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, पिट्सबर्ग, या चारही ठिकाणी दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत थांबेल असा माणूस नव्हता. एवढाच फरक मला दिसतो. त्यांना दोषही देववत नाही. क्रॅडॉक आणि हेमन त्याच वर्षी माँट्रियलमध्ये अलुएट्स हा फुटबॉल संघ उभा करत होते, तो चालला. माणसाची ताकद शेवटी कुठेतरी एकाच ठिकाणी लागते.

आणि एक गंमत नव्हे, मला खरंच चटका लावणारी गोष्ट. हस्कीज सोडून क्लीव्हलंडला गेलेला सडोस्की क्लीव्हलंड बुडाल्यावर कुठे गेला असेल? बॉस्टनला. १९४७-४८ मध्ये तो सेल्टिक्सकडून खेळला, लीगच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेला, आणि सेल्टिक्स इतिहासात पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोहोचले. जो माणूस टोरांटोत बारा सामन्यांपलीकडे टिकला नाही, त्याने सेल्टिक्सचा दुसरा हिवाळा सावरला.

*

आकडेमोड

हे सडोस्कीचं मला माहीत नव्हतं. मान्य, पटलं.

बुडालेल्या चार शहरांचं पुढे काय झालं तेही टाकतो. डेट्रॉइटला १९५७ मध्ये फोर्ट वेनहून पिस्टन्स आले. क्लीव्हलंडला १९७० मध्ये कॅव्हलियर्स. टोरांटोला १९९५ मध्ये रॅप्टर्स, म्हणजे ४८ वर्षांनी. पिट्सबर्गला एनबीएचा संघ अजूनही मिळालेला नाही. मूळ अकरांपैकी आज तीनच चालू आहेत : सेल्टिक्स, निक्स आणि वॉरियर्स.

*

हिमगौरी

४८ वर्षं! आमच्या इमारतीतले एक आजोबा टोरांटोत वाढलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, मधल्या काळात बफेलो ब्रेव्हज नावाचा अमेरिकेतला संघ काही सामने गार्डन्समध्ये येऊन खेळायचा, ते आम्ही बघितलेत. हस्कीज हे नाव त्यांनी फक्त वडिलांकडून ऐकलेलं. वडील गेले होते का बघायला, असं विचारलं तर हसले, म्हणाले, आमच्या घरी फक्त हॉकी.

एक विचारायचं होतं, रॅप्टर्सना हस्कीज हेच नाव का नाही दिलं?

*

उत्तरेकडचा

@हिमगौरी, आजोबांना माझा नमस्कार सांगा.

तो विचार झाला होता. पण हस्की कुत्र्याचं तोंड काढायला गेलं की ते मिनेसोटा टिंबरवूल्व्ह्जच्या लांडग्यासारखंच दिसायला लागलं, म्हणून तो बेत सोडला. मग लोकांकडून नावं मागवली. डायनोसॉरच्या त्या गाजलेल्या सिनेमाचे दिवस होते, रॅप्टर्स ठरलं.

पण शहराने हस्कीजला विसरू दिलेलं नाही याचा मला मनापासून आनंद आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, टोरांटोत रॅप्टर्स विरुद्ध निक्स असा सामना ठेवला होता. पुढे रॅप्टर्स अनेकदा हस्कीजची निळी-पांढरी जर्सी घालून उतरले. माझ्या मुलाने ती बघून विचारलं, हा कुठला संघ? इथून माझं सगळं शोधणं सुरू झालं. त्याला नीट उत्तर देता येईना, म्हणून वाचायला बसलो.

*

नागपाडेकर

२०१९ ची फायनल आठवते का? रॅप्टर्स विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स. मी पहाटे उठून बघितली होती. हे वॉरियर्स म्हणजेच पूर्वीचे फिलाडेल्फिया वॉरियर्स, आणि १९४७ चे बीएएचे पहिले विजेतेही तेच. ज्या सीझनला टोरांटो तळाला होतं, त्या सीझनचा विजेता. ७२ वर्षांनी टोरांटोने त्यांना ४-२ ने हरवून चषक घेतला.

वर तुम्ही दोन गुणांचं लिहिलंत. हे वाचल्यावर मला तीच मालिका आठवली, सहावा सामना चारच गुणांनी जिंकला होता, ११४-११०.

*

उत्तरेकडचा

@नागपाडेकर, त्या रात्री आम्ही रस्त्यावरच होतो. मुलगा माझ्या खांद्यावर.

*

बाकावरचा

धागा जपून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात कामासाठी टोरांटोला येतोय, मोजून दोन दिवस. तो लाल ठिपका बघायचाच आहे. कसं जायचं?

*

उत्तरेकडचा

@बाकावरचा, अगदी सोपं आहे. सबवेने कॉलेज स्टेशनला उतरा. वर आलात की कार्लटन स्ट्रीटवरून पूर्वेला चालत राहा, चार-पाच मिनिटांत डाव्या हाताला पिवळ्या विटांची इमारत येईल. आत शिरल्यावर भिंतीवर निळ्या खुर्च्यांचं केलेलं मोठं मेपलचं पान दिसेल, त्या मैदानातल्या जुन्या खुर्च्या आहेत. मग ओळींचे नंबर बघत २५ पर्यंत या आणि खाली बघा. शनिवारी येणार असाल तर संपर्कातून निरोप टाका. आम्ही सकाळी दहाच्या सुमारास तिथेच असतो, मुलगाही भेटेल. हस्कीजची सगळी कथा त्याच्याकडूनच ऐका, हल्ली तो माझ्यापेक्षा चांगली सांगतो.